कोलबाऱ्याची अठरा मतं

रोमा आणि मी तेरा वर्षं एकाच गाडीतून फिरलो. सोमवारी आणि बुधवारी सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून गरम जेवणाचे डबे घ्यायचे आणि गावातल्या एकोणीस म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पोचवायचे. गाडी मी चालवायची, डबा घेऊन दारात ती जायची. ती गेली की माणसं हसत बाहेर येत. मी गेले की डबा घेऊन दार लावत. माझी एकोणतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर गेली, त्यामुळे माझं तोंड बघितलं की लोकांना रांग आठवते, असं रोमा म्हणायची.

रोमा आदिवासी. आमचे पणजोबा मेंढरं घेऊन या नदीवर आले तेव्हा तिचे पणजोबा इथेच होते, हे कोलबाऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझा नवरा ट्रेव्ह अंथरुणाला खिळला तेव्हा रोज दुपारी रोमा येऊन त्याची दाढी करायची. माझा हात थरथरायचा म्हणून. साबण लावता लावता ती त्याच्या हरणाऱ्या फुटबॉल टीमवरून त्याला चिडवायची, आणि तो मान न हलवता डोळ्यांनी हसायचा. तो गेला त्या दिवशीसुद्धा त्याची दाढी गुळगुळीत होती. हे आधी सांगून टाकते. पुढे मी काय केलं ते ऐकताना हे लक्षात असलेलं बरं.

त्या वर्षी देशात सार्वमत होतं. राज्यघटनेत इथल्या मूळ माणसांची दखल घ्यायची आणि त्यांचं म्हणणं संसदेला ऐकवणारं एक मंडळ नेमायचं, याला तुमचं 'हो' की 'नाही', एवढाच प्रश्न. पण त्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. कोलबारा बहुतेक 'नाही'वालं गाव. माझा थोरला भाऊ आल्बी तर उघड 'नाही'वाला. त्याच्या कुंपणावरचा फलक त्याच्या दारापेक्षा मोठा होता. रोमा 'हो'साठी दारोदार हिंडली. आमच्या फेरीत मात्र तिने कधी विषय काढला नाही. जेवण देताना मत मागायचं नाही, असा तिचा नियम होता.

मला तिने एकदाच विचारलं. पेट्रोल भरायला थांबलो होतो. ती म्हणाली, "ग्लेन, तुझं काय?"

मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? 'हो'च."

तिने पर्समधून एक बिल्ला काढून माझ्या कॉलरला लावला आणि तो सरळ बसलाय का ते मान तिरकी करून पाहिलं. झालं, एवढंच आमचं बोलणं.

आता बागेची गोष्ट सांगायला हवी. सार्वमताच्या दोन वर्षं आधी कौन्सिलने नदीच्या वळणावर बाग केली. तिथली निम्मी झाडं ट्रेव्हने लावलेली, उन्हाळ्यात टाकीतून पाणी नेऊन जगवलेली. बागेला त्याचं नाव द्यावं म्हणून मी अर्ज केला. बावीस वर्षं मी गावच्या सभागृह समितीवर होते; मला वाटलं, एवढं तर ऐकतील. उत्तर आलं की नदीकाठच्या जुन्या घराण्यांशी बोलून त्या वळणाचं जुनं नावच ठेवायचं ठरलं आहे. जुनी घराणी म्हणजे रोमा आणि तिच्या दोन मावश्या. माझ्या अर्जाचा तिला पत्ताही नव्हता, आणि मी सांगितला नाही. पाटी लागली त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या, कापलेल्या केकचा तुकडा खाल्ला, आणि ती गोष्ट पोटात घालून वर झाकण ठेवलं.

मतदानाचा शनिवार उजाडला. शाळेच्या फाटकाशी नेहमीसारखा सॉसेजचा धूर, कांद्याचा वास, माश्या. फाटकाच्या एका बाजूला रोमा 'हो'चे कागद वाटत होती, दुसऱ्या बाजूला आल्बी 'नाही'चे. दोघांमध्ये घडीची खुर्ची एकच. आळीपाळीने बसत होते आणि आळीपाळीने एकमेकांना टोमणे मारत होते. आल्बीच्या थर्मासमधला चहा दोघं पीत होती. मी आले तशी रोमा आल्बीला म्हणाली, "बघ, तुझ्या घरातलं शहाणं माणूस आलं."

मी बिल्ला लावून आत गेले. रांगेत माझ्यापुढे परदेशातून येऊन इथलाच झालेला बेकरीवाला ट्रिन आणि त्याची बायको लिएन. यादीतलं नाव खोडून घेतलं, कागद घेतला, पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. दोरीला बांधलेली पेन्सिल. चौकटीत एकच शब्द लिहायचा.

मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला कोणी भरीस घातलं नव्हतं. आल्बीच्या वादांमधलं एकही वाक्य तेव्हा डोक्यात नव्हतं. फक्त ती बागेची पाटी डोळ्यांपुढे आली आणि मनात आलं, आता सगळीकडे यांनाच विचारायचं का? मी 'नाही' लिहिलं. कागदाची घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर आले. रोमाने माझ्यासाठी पावाच्या तुकड्यात सॉसेज गुंडाळून ठेवलं होतं, वर जास्तीचा कांदा, मला आवडतो तसा. तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि ते सॉसेज तिच्यासमोर उभं राहून खाल्लं.

निकाल संध्याकाळी जेवायच्या आधीच लागला. सगळी राज्यं 'नाही' म्हणाली. टीव्हीवर कुणी रडत होतं, कुणी बाटल्या उघडत होतं. मी आवाज बंद करून नुसती चित्रं पाहिली. आपण जिंकलो असं मला एक क्षणही वाटलं नाही. मला वाटलं, एवढं प्रचंड 'नाही' आलंय त्यात माझं एक गेलं वाहून. कुणाला कळतंय?

पण कोलबारा लहान आहे. मतं शाळेच्या सभागृहातच मोजली. मोजणी पाहायला दोन्ही बाजूंचं एकेक माणूस उभं राहतं. 'नाही'कडून आल्बी होता, 'हो'कडून रोमा. चारशे दहा मतं पडली, त्यांत 'हो' एकाहत्तर. बाहेर आल्यावर रोमाने पायरीवर बसून बोटांवर हिशेब केला आणि आल्बीला म्हणाली, "आमची माणसं अडतीस. माझा चुलतभाऊ 'नाही' देणार होता, तसं तोंडावर सांगून गेलाय. म्हणजे सदतीस. उरले चौतीस. आल्बी, गावातल्या बावन्न जणांनी मला 'हो' सांगितलं होतं."

आल्बीने क्लबात ही गोष्ट सांगितली. रविवारच्या दुपारपर्यंत सगळ्या गावात एकच आकडा झाला. अठरा. अठरा जण रोमाच्या तोंडावर खोटं बोलले होते.

रविवारपासून रोमा आणि तिची माणसं गप्प झाली. देशभरच त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, एक आठवडा कुणाशी वाद नको, चर्चा नको, शांत राहायचं. रोमाने हॉस्पिटलात निरोप ठेवला की या आठवड्यात ती फेरीला येणार नाही.

सोमवारी मी एकटीच निघाले. एकोणीस दारं. पहिल्याच दारात मिसेस डनलॉपने डबा घेतला आणि डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. म्हणाली, मला या देशाची लाज वाटते. पुढच्या घरी म्हातारा हॅलोरन खुशीत होता. झालं एकदाचं, आता तरी टीव्हीवर दुसरं काही दाखवतील, म्हणाला. एका बाईंना सार्वमत होऊन गेल्याचंच ठाऊक नव्हतं. त्यांनी पोस्टाने मत पाठवलं होतं आणि काय लिहिलं ते विसरून गेल्या होत्या. एक्याण्णव वर्षांचे मिस्टर फेदरस्टन दारातून माझ्या मागे पाहत राहिले. त्यांनी विचारलं, रोमा कुठाय? मी म्हटलं, या आठवड्यात येणार नाही. त्यांनी डबा हातात घेतला. मग म्हणाले, "मी 'नाही' दिलं. ती विचारायला आली तेव्हाच तिला सांगितलं होतं. रागावली का ती माझ्यावर?"

मी म्हटलं, तुमच्यावर नसेल.

"मग कुणावर?"

मी गाडी चालू ठेवलीय असं सांगून निघाले.

गावात त्या आठवड्यात निराळीच गडबड उडाली. ज्यांनी ज्यांनी रोमाला 'हो' म्हटलं होतं त्या बावन्न जणांना, आपण अठरांतले नाही, हे दाखवायचं होतं. शनिवारी रात्रीच काढून ठेवलेले बिल्ले पुन्हा कॉलरवर चढले. रोमाच्या व्हरांड्यात लसान्याच्या थाळ्यांची, केकची, फुलांच्या कुंड्यांची रीघ लागली. तिची मुलगी जोडी पुढे मला म्हणाली की घरात मयत झाल्यासारखं जेवण येत होतं, आणि आणणाऱ्या प्रत्येकाचं वाक्य एकच होतं: आम्ही नाही हं त्यातले.

मीही गेले. लिंबाचा केक भाजून. जोडीने दार उघडलं. आई या आठवड्यात बोलत नाहीये, ग्लेन आंटी, असं तिने हळूच सांगितलं. तिच्या खांद्यावरून आत रोमा दिसत होती, टेबलाशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली. मी केक देऊन परत फिरले असते तर चाललं असतं. पण तिच्या त्या बघण्याने मी घाबरले. मी दारातूनच मोठ्याने म्हटलं, "रोमा, कोण असतील गं ती माणसं? मला तर बाई विश्वासच बसत नाही."

रोमाने मान खाली घातली आणि सुरी चालवत राहिली. जोडी केक घेऊन आत गेली.

इथवर केलं ते एका माणसाशी केलं. पुढचं त्याहून वाईट आहे.

बुधवारी मी पोस्टात गेले. आता तिथे दुसरी मुलगी बसते, पण गप्पा अजून तिथेच होतात. पॅम व्हिटल, शेरिल आणि आणखी दोघी उभ्या होत्या. अठरांची यादी चालली होती. प्रत्येकजणी अर्थातच त्यात नसलेलीच. आपल्यातलं कुणी नाही, तर मग कोण? पॅम म्हणाली, तो बेकरीवाला. दुकानाच्या काचेवर 'हो'चा कागद लावला होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी. त्याला काय पडलीय इथल्या आदिवासींची? दुसरी म्हणाली, ती माणसं सरकारला घाबरूनच असतात, मोठ्या बाजूनेच जातात. मग पॅम माझ्याकडे वळली. "ग्लेनिस, रांगेत तू त्यांच्या मागेच होतीस ना? कसा वाटला?"

खरं सांगायला मला एका श्वासाची सवड होती. मी म्हटलं, "बावरल्यासारखा दिसत होता खरा."

तो बावरलेला नव्हता. लिएनशी पावाच्या पिठाबद्दल काहीतरी बोलत हसत होता.

माझं हे एवढंसं वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं. ग्लेनिसने डोळ्यांनी पाहिलं, असं त्याचं रूप झालं. पोस्टातली बाई चुकीचं सांगणार नाही, असा माझा लौकिक. गुरुवारी सकाळी ट्रिनच्या काचेवरचा कागद कुणीतरी टरकावला आणि त्या जागी काळ्या मार्करने 'खोटारडा' लिहिलं. एकतीस वर्षं तो आमच्या गावाला पाव घालतोय. त्या दिवशी त्याचे निम्मे पाव फळीवर तसेच राहिले. लोक बिल्ले लावून सुपरमार्केटातून पाव घेऊन जात होते.

दुपारी तो माझ्या घरी आला. अंगावर पिठाचा एप्रन तसाच. हातात एक पुठ्ठा होता. तो आत यायला तयार होईना, दारातच म्हणाला, "ग्लेनिस बाई, एवढं शुद्धलेखन बघून द्या. माझ्या नागरिकत्वाचे फॉर्म तुम्हीच तपासले होते."

पुठ्ठ्यावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मी आणि माझी बायको, दोघांनीही 'हो' लिहिलं. आम्ही खोटं बोललो नाही. एका शब्दात एक अक्षर जास्त पडलं होतं.

तो म्हणाला, "सिद्ध कसं करायचं तेच कळत नाही. माझ्या वडिलांच्या गावात, कुणी काय लिहिलं ते बघायला माणूस पाठीशी उभा असायचा. इथे नसतो, म्हणून मला हा देश आवडतो. आणि आता वाटतं, कुणीतरी पाहिलं असतं तर बरं झालं असतं."

त्याने काय ऐकलं होतं कुणास ठाऊक. मी काय बोलले ते त्याच्या कानावर गेलंच असणार, असं मला आज वाटतं. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. मी आत जाऊन पेन आणलं आणि त्याच्या पुठ्ठ्यावरचं जास्तीचं अक्षर खोडून दिलं. त्याने आभार मानले. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. शुक्रवार, शनिवार, रविवार मी घराबाहेर पडले नाही.

सोमवारी रोमा आली. हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी ती आधीच उभी होती, डबे तिने मोजून ठेवले होते. वाटेत बेकरीत जाऊन आली होती, तिच्या काखेत ट्रिनच्या कागदात गुंडाळलेला लांब पाव होता. मला "मॉर्निंग" म्हणाली आणि गाडीत बसली. पहिल्या दाराशी मी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. ती उतरायला लागली तशी मी म्हटलं, "रोमा, थांब. मी 'नाही' लिहिलं होतं."

तिने दाराच्या कडीवरचा हात काढला नाही. म्हणाली, "माहितीय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

ती म्हणाली, "मी मोजणीला उभी होते. तेरा वर्षं तू या डब्यांच्या झाकणांवर लिहितेस. मीठ नाही. कांदा नाही. दूध नाही. तुझा 'नाही' मी ओळखणार नाही होय, ग्लेन?"

मी विचारलं, मग तू त्याच दिवशी का बोलली नाहीस. ती म्हणाली, "बोलायचं तुला होतं. मला कशाला?" मग समोरच्या काचेकडे बघत, "पायरीवर बसून मोजत होते ना, तेव्हा तो कागद बघूनसुद्धा बावन्नातून तुला वजा करायला माझं मन घेईना. म्हटलं, तसं अक्षर आणखी कुणाचंही असेल. मग तू केक घेऊन आलीस."

तो केक आठवून माझे कान तापले. मी बागेची गोष्ट सांगितली. अर्ज, उत्तर, ट्रेव्हची झाडं, सगळं. सांगताना ती इतकी लहान वाटली की मला मध्येच थांबावंसं वाटलं, पण मी पुरी सांगितली. रोमा ऐकत होती. ती म्हणाली, "मला काहीच कळवलं नव्हतं गं त्यांनी. तू तरी सांगायचंस. मावश्या नको म्हणाल्या असत्या का? ट्रेव्हला? दोन्ही नावं बसली असती पाटीवर." आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मी त्या माणसाची दाढी करत होते. आणि तुला मला एक गोष्ट विचारता आली नाही."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नकोस. आता तुला समजवत बसायची माझ्यात ताकद नाही. आणि बेकरीत काय झालं ते मी ऐकलंय. ते वाक्य तुझं आहे का?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मग मला सांगून काय उपयोग? तिथे सांग." तिने डबा उचलला. "आधी जेवणं देऊ. निवतायत."

एकोणीस दारं आम्ही केली. ती प्रत्येक दारात हसली. मिस्टर फेदरस्टनचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. ते काय बोलले ते मला गाडीतून ऐकू आलं नाही.

एक वाजता मी बेकरीत गेले. रोमा गाडीतच बसून राहिली. आत पॅम होती, शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, गव्हाच्या कापणीसाठी आलेले तीन-चार ड्रायव्हर पाई घ्यायला रांगेत होते. मटणाचं सारण भरून भाजलेल्या त्या छोट्या पाई ट्रिनसारख्या जिल्ह्यात कुणी करत नाही, आणि बाहेरच्या माणसांना आमच्या भानगडी माहीत नव्हत्या. काउंटरवर ट्रिन एकटाच होता. लिएन गुरुवारपासून पुढे यायची बंद झाली होती. काचेवर त्याचा पुठ्ठा होता, आणि त्यावर माझ्या पेनाची खूण.

मी रांगेत उभी राहिले नाही. काउंटरच्या कडेला गेले आणि म्हटलं, "ट्रिन, तुम्ही बावरलेले होता असं मी सांगत फिरले, ते खोटं आहे. तुम्ही हसत होता. 'नाही' मी लिहिलं. रोमाला 'हो' सांगून. अठरांतली एक मी आहे."

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. ड्रायव्हरांनी टोप्या सारख्या केल्या. पॅमचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं ती मला शिव्या देईल. ती दात आवळून म्हणाली, "हे असं बोलायची काय गरज होती, ग्लेनिस? मतदान गुप्त असतं." तिच्या डोळ्यांत राग होता, पण त्याच्या मागे दुसरंच काही होतं. ते मी ओळखलं. दहा दिवस मी आरशात तेच पाहत होते. तिने पाव न घेताच दुकान सोडलं.

ट्रिन माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "पुठ्ठा तुम्ही तपासून दिलात."

"हो."

"तेव्हा नाही सांगितलंत."

"नाही."

तो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात मागच्या दारातून लिएन आली. हातांना कोपरापर्यंत पीठ. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ती पुढे गेली, काचेवरचा पुठ्ठा काढला, त्याचे दोन तुकडे करून केराच्या डब्यात टाकले आणि रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरला विचारलं, "काय देऊ?"

एवढ्यावर हे मिटलं असं नाही. गावाला अठरा माणसं शोधायची होती, त्यांना एक मिळाली. एक मिळाल्यावर बाकीच्या सतरांचं कुणी नाव काढलं नाही. सगळ्यांची सगळी लाज माझ्या एकटीच्या पदरात घालून गाव मोकळं झालं. सभागृह समितीतून मी स्वतःच निघाले. ज्यांचे बिल्ले सगळ्यांत चकचकीत होते, ती माणसं मला बघून रस्ता बदलत. मिसेस डनलॉपने माझ्या हातून डबा घेणं बंद केलं. मी तिचा डबा पायरीवर ठेवून घंटा वाजवून निघायचे. मी कुणावर रागावले नाही. रागवायला तोंड कुठे होतं?

आल्बी मात्र एका संध्याकाळी आला आणि व्हरांड्यात बसला. म्हणाला, "मत 'नाही' दिलंस त्याची लाज कशाला बाळगतेस? मी नाही बाळगत. खोटं बोललीस, त्याची बाळग."

मी त्याला म्हटलं, तू विचार करून लिहिलंस. तुझं चूक असेल, बरोबर असेल, ते तुझं तू उभं राहून सांगतोस. मी एका पाटीचा राग काढायला लिहिलं. मला दोन्हीची लाज वाटते.

मग त्याने सांगितलं की रोमाने त्याला सोमवारची गाडी चालवशील का म्हणून विचारलंय, आणि त्याने हो म्हटलंय. मला ते लागलं. मी विचारलं, तुझ्याबरोबर? तुझा तो फलक अजून कुंपणावर आहे.

"मीही तेच म्हटलं तिला," तो म्हणाला. "तर म्हणाली, तुझ्याशी भांडता तरी येतं."

तेव्हापासून सोमवारी ती दोघं जातात आणि बुधवारी मी, एका नव्या मुलीबरोबर. वाटेत कुठे गाड्या समोरासमोर आल्या की रोमा हात वर करते, जसा ती सगळ्यांना करते. बेकरीत मी जाते. लिएन माझा पाव कापून, कागदात घालून देते, सुट्टे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवते. ट्रिन कधी हवेबद्दल बोलतो.

फेब्रुवारीत, आमच्याकडचा उन्हाळा सरत आला तेव्हा, हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी रोमा एकटी भेटली. मी तिला विचारलं, परत येशील का बुधवारी. तिने तोंड वाकडं केलं नाही की मानही फिरवली नाही. म्हणाली, "नाही, ग्लेन." मी म्हटलं, बरं.

मार्चमध्ये पुन्हा विचारलं. तेव्हाही नाही म्हणाली. एप्रिलमध्ये मिस्टर फेदरस्टन गेले. दफनानंतर सभागृहात चहा होता, मी भिंतीशी कप धरून उभी होते. रोमा सँडविचची थाळी घेऊन माझ्याजवळून गेली, पुढे जाऊन थांबली आणि मागे वळून म्हणाली की त्यांच्या शेजारच्या मिसेस टलोकना आता घास गिळता येत नाही, बुधवारी त्यांचं जेवण बारीक करून द्यायला हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कुणीतरी सांगायला हवं.

मी म्हटलं, मी सांगते.

"विसरू नकोस," ती म्हणाली, आणि थाळी घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली.